मंगळ पळाला, जया!

विहिरीवरची जळालेली मोटार भरायला देण्यासाठी मी संध्याकाळी राहुरीत कानिफनाथच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानी गेले, तर हा गच्चीवर जाड पाइप आभाळाकडे रोखून बसलेला!

"काय हो, बोअर वरच्या बाजूनं घेताय?"

"दुर्बीन हाय. मंगळ बघायचाय?"

बघितला... तांबूस, वाटाण्याएवढा, अंगावर काळसर डाग. खालून उसाची ट्रॉली गेली आणि मंगळ थरथरला. मीही.

मग महिनाभर रोज संध्याकाळी मी गच्चीवर. पृथ्वी फिरते, त्यामुळे मंगळ सारखा चौकटीबाहेर निसटायचा. कानिफ लॅपटॉपवर व्हिडिओ घ्यायचा आणि मी बोटानं दुर्बीण हळूच सरकवायचे. "पळाला, जया! डावीकडं... हां, बास." त्यातली नितळ चित्रं निवडून, एकावर एक रचून तो एक फोटो बनवायचा. त्या फोटोंत माझं बोट कुठं दिसायचं नाही, पण मला ते दिसायचं.

आणि पुण्याहून मोनिका आली! म्हणे, कानिफनं टाकलेले फोटो पाहून इंटरनेटवर ओळख झाली. येताना दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटार घेऊन आली.

"आता ढकलायला कुणी नको," ती गोड हसली.

कुणी! ते 'कुणी' म्हणजे मी. मंगळाच्या ध्रुवावरचा पांढरा बर्फ दिसला, तशी दोघं एकाच लॅपटॉपवर डोकं घालून टाळ्या पिटू लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चपला घातल्या नि तडक जिना उतरले.

दोन दिवस फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी कानिफच आमच्या मळ्यात हजर.

"मोटार परत दिली तिला."

"का? फोटो झकास येत होते की."

"येत हुते." तो चुळबुळला. "जया, मी रोज चार मोटारी भरतो. दुर्बिनीला एक बसवायला मला पुनं कशाला लागतंय?"

"मग बसवली का नाहीस?"

"बसवली असती, तर तू... रोज आली असतीस?"

मी हसू दाबलं. तरी मोनिका काही डोक्यातून जाईना.

"तिला काय सांगितलंस?"

"म्हनलं, मला जयाच पायजे."

"नाव घेतलंस? कुठं?"

"यष्टी स्टँडवर. गाडी चालू हुती, वरडावंच लागलं... समद्या स्टँडानं ऐकलं."

म्हणजे उद्यापर्यंत अख्ख्या तालुक्याला कळणार! कळू दे. मोनिकाला कळलं ना, मग बास.