शेवटच्या पायरीवरचा माणूस

तो एक दिवा राहू द्या, बाकीचे बंद करा. किडे येतात. आणि कल्याणी, तू दाराशी बसू नकोस, आत ये.

आधीच सांगतो, आपण भूतबीत मानत नाही. बावीस प्रतिज्ञा काही गंमत म्हणून घेतल्या नाहीत आपण. भूषणही मानत नव्हता. बुद्धभूषण, कांताबाईंचा धाकटा. आज तो तुम्हाला रविवारी पोहे खिलवतो, म्हणून तुम्हाला तो गरीब वाटतो. तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सातवी नापास, टेंपो चालवायचा, आणि आधी हात उठायचा, डोकं मागून यायचं.

सतरा नोव्हेंबर दोन हजार सात, शनिवार. भूषण संध्याकाळी खडकीहून भाड्याची तीस घमेली टेंपोत टाकून येरवड्याला निघाला. विहारात घमेली पोचवायची, एवढंच काम. निघताना आईला बजावलं होतं, "उतरवतो आणि येतो. त्या लोकांची तोंडं बघायला थांबणार नाही."

कांताबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या दादाचा स्लॅब पडतोय आज. तू काय नुसती भांडी टाकून येणार?"

भूषणने चावी उचलली आणि दार आपटलं.

दादा म्हणजे चेतन. त्या वर्षांत विमाननगरच्या बाजूला काचेच्या इमारती भराभर उठत होत्या. त्यातल्या एका कंपनीच्या गेटवर चेतन सिक्युरिटीला होता. इंजिनियर पोरं खाली चहाला यायची आणि जिमच्या गप्पा मारायची. एकदा चेतन त्यांना म्हणाला, "साहेब, तिथे पैसे भरून लोखंड उचलता आणि पुन्हा तिथेच ठेवता. आमच्या विहारात या. आमच्याकडे उचललेली वीट भिंतीत राहते."

पोरं हसली. पण पुढच्या रविवारी तिघं आली. मग पंधरा. सकाळी सहाला पटांगणात जोर-बैठका, मग झाडलोट, चुना, वाळू चाळणं. वस्तीतले ढेरपोटेसुद्धा लाजून यायला लागले. विहारावर पत्रा होता, दर पावसाळ्यात गळायचा. चेतनने डोक्यात घेतलं की पत्रा काढून स्लॅब टाकायचा. आपल्याच हातांनी. हा जो तुमच्या डोक्यावर आहे ना, तोच.

त्या इंजिनियरांत वरद होता, कोथरूडचा. मनाने वाईट नव्हता. हे मी म्हणतो. भूषण तेव्हा म्हणत नव्हता. या वरदच्या घड्याळात सेकंद मोजायची सोय होती. त्याने कामाची शर्यत केली. दोन संघ, हातोहात साखळी करून दहा मिनिटांत कोण जास्त घमेली चढवतो. हरेल त्याने वीस जोर मारायचे.

मिस्त्री होता गेनबा, वाघोलीचा. त्याने हात जोडून सांगितलं होतं, "सायेब, ह्यो खेळ न्हाय. साखळीचा नेम हाय. घेणाऱ्याची वढ हाताला लागल्याबिगर घमेलं सोडायचं न्हाय. बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय, हातानं समजून घ्यायचं. तुमचं घड्याळ त्यात कुठं बसतंय?"

"मिस्त्री, जरा स्पीड पाहिजे हो," वरद म्हणाला, आणि सगळे हसले.

सात ऑक्टोबरला कॉलम भरत होते. चेतन जिन्याच्या अगदी वरच्या, शेवटच्या पायरीवर. बाहेरून चढणारा तो जिना, बाजूला कठडा नाही, खाली विटांचा ढीग. वरद खालून ओरडत होता, "वीस सेकंद! फास्ट, चेतन, फास्ट!" एक घमेलं अजून चेतनच्या हातात, तोवर दुसरं छातीवर आलं. चेतन मागे सरकला. मागे काही नव्हतं.

दवाखान्यात तीन दिवस काढले त्याने. दोन्ही हात मनगटापर्यंत सिमेंटने माखलेले होते. नर्सने धुतले तेव्हा भूषण बघत होता.

चौकीत वरदने लिहून दिलं, 'त्याचं लक्ष नव्हतं.' बाकीच्यांनी माना डोलावल्या.

लक्ष नव्हतं! तीन वर्षं गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर ज्याला पाठ, त्याचं लक्ष नव्हतं! भूषणला ते तीन शब्द जेवताना आठवायचे, गाडी चालवताना आठवायचे. चेतन गेल्यावर पुण्यानुमोदनाला वरद आला, मेणबत्ती लावली, कांताबाईंच्या पाया पडला. भूषणने त्याला बाहेर गाठलं. "घाई कोणी केली, एवढंच सांग. एकदा, सगळ्यांसमोर." वरद म्हणाला, "भूषण, नंतर बोलू. प्लीज." ते नंतर काही आलं नाही.

आणि आता त्या शनिवारी भूषण विहारापाशी पोचतो, तर काय बघतो? पंधराच्या पंधरा जण पांढऱ्या टी-शर्टांत, आणि छातीवर छापलंय, 'चेतनसाठी.' मेलेल्या माणसाचं नाव घाम पुसायला घालून आलेत!

वरद पुढे आला. "भूषण, तू आलास. बरं वाटलं."

"घमेली आलीत," भूषण म्हणाला. "मी नाही."

तो निघालाच होता. पण जिन्याकडे नजर गेली. चेतन गेल्यावर लोकांनी त्या बाजूला आडवा बांबू बांधला होता. तो बांबू नव्हता.

"मिस्त्री, बांबू कुठाय?"

गेनबाने मान खाली घातली. "टेकूला कमी पडला, पोरा. सकाळीच काढला. दुसरा आनायला सांगितलाय."

"म्हणजे एक माणूस पुरला नाही तुम्हाला."

भूषण गेला नाही, टेंपोला टेकून बघत राहिला. दुपारी मिक्सरचं इंजिन बंद पडलं होतं, दुरुस्त होऊन साडेसहाला काम सुरू झालं. स्लॅब एकदा सुरू केला की पुरा करूनच थांबायचा, म्हणून रात्र होणार हे ठरलेलंच होतं. स्लॅबच्या कडेला गेनबाचा गडी जयसिंग जिन्यावरून घमेली घेऊन रिकामी करत होता, गेनबा लांबच्या कोपऱ्यात थापी चालवत होता. शेवटच्या पायरीवर वरद उभा होता. त्याच्या खालच्या पायरीवरच्या मुलाच्या पायात साडेअकराला गोळा आला.

"मी उभा राहतो," भूषण म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, निवळला. कांताबाईंचं ऐकलं. तसं काही नव्हतं. वरद त्याच्या हाताच्या अंतरावर उभा होता, आणि वरदच्या डाव्या बाजूला कठडा नव्हता. एवढंच त्याने पाहिलं होतं.

भरलेलं वर, रिकामं खाली. भरलेलं वर, रिकामं खाली. अर्धा चंद्र मावळायला आला होता. भूषण दर घमेल्याला हळूच विचारायचा, "घाई कोणी केली?" वरद घमेलं घ्यायचा. वर द्यायचा. "बोल की. घाई कोणी केली?"

"काम होऊ दे, भूषण."

"दादाचं झालं तसं?"

बारा वाजून दहा मिनिटांनी हॅलोजन गेला.

काळोख. मिक्सर डिझेलचा, तो चालूच. कोपऱ्यातून गेनबा ओरडला, "थांबायचं न्हाय! सांधा पडला तर जल्मभर गळंल! हात चालू ठेवा, हाताला समजतंय!"

साखळी चालू राहिली. कोणाला कोणी दिसत नव्हतं. घमेलं यायचं, जड. वर ओढ लागायची. सोडायचं. वरून रिकामं यायचं. स्लॅबवर माल पडायचा. धप्. धप्. उलट हात जास्तच सरळ चालायला लागले. एक घमेलं अडत नव्हतं.

तेवढ्यात मीटरच्या पेटीपाशी आवाज आला. खाली. विहाराच्या मागे.

"वायर जळलीय रे! कोणाकडे बॅटरी आहे का?"

तो जयसिंग होता.

मागच्या शिडीने तो केव्हाच खाली उतरला होता.

भूषणच्या हातात रिकामं घमेलं आलं. वरून. त्याने ते खाली दिलं. भरलेलं आलं. त्याने ते वर दिलं. धप्. रिकामं आलं...

जयसिंग खाली होता. गेनबा कोपऱ्यात होता.

मग वर घेत कोण होतं?

काय म्हणालीस, कल्याणी? घाबरला? नाही गं. तिथेच तर चुकलं. घाबरायला डोक्यात जागा लागते. त्याच्या डोक्यात फक्त वरदची डावी बाजू होती. काळोख आहे. कोणी बघत नाही. उद्या आपणही लिहून देऊ... लक्ष नव्हतं.

भरलेलं घमेलं आलं. भूषणने ते वरदच्या हातात दिलं नाही. छातीवर घातलं. जीव खाऊन.

"अरे..."

तेवढाच शब्द. खाली विटांवर आवाज झाला. पत्र्याचा. ते घमेलं होतं.

भूषण दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिला.

दुसरा आवाज आला नाही.

मिक्सर चालू. कुणीतरी धापा टाकत होतं. जवळच. शेवटच्या पायरीवरच.

"थँक्यू..." वरदचा आवाज फाटला होता. "थँक्यू, जयसिंग. पाय सुटले होते माझे. दोन्ही..."

खालून जयसिंग ओरडला, "काय पडलं रे? कुणाला लागलं का?"

वरदच्या धापा एकदम थांबल्या.



मग भूषणला कळलं. आणि कळल्यावर भीती नाही आली, पोरांनो, संताप आला.  ह्याला? ह्याला हात दिलास? मी एक्केचाळीस दिवस झोपलो नाही, आई भिंतीकडे तोंड करून जेवते, आणि तू ह्याला हात दिलास?

"दादा," तो म्हणाला. त्याने हात वर केला. वरदच्या खांद्यावरून. काळोखात. "दादा... मला दे. एकदा."

काही नाही.

काही नाही...

मग बोटांना पत्रा लागला. रिकामं घमेलं. भूषणने दोन्ही हातांनी धरलं. नेमच होता, खालच्याने ओढलं की वरच्याने सोडायचं. भूषणने ओढलं नाही. नुसतं धरून राहिला. पलीकडूनही कोणी सोडलं नाही. पत्र्यातून त्याला कळत होतं... कोणीतरी धरलंय. घट्ट नाही. नुसतं धरलंय.

किती वेळ? त्याला नाही सांगता येत. आजही नाही.

"का थांबलं?" गेनबा ओरडला. "सांधा पडंल, भाड्यांनो!"

भूषणने ओढलं. पलीकडून सुटलं. अलगद.

बारा पंचवीसला दिवे आले. जयसिंग मागच्या शिडीवरून डोकं वर काढत होता. स्लॅबच्या कडेला कोणी नव्हतं. वरदने जयसिंगकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि तो तिथेच पायरीवर खाली बसला.

"मी घाई केली," तो म्हणाला. मोठ्याने. खालपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "चेतनचं लक्ष होतं. मी घाई केली. चौकीत मी खोटं लिहून दिलं."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी भूषण जळत होता, ते आलं. आणि त्याला काडीचंही बरं वाटलं नाही.

"आणि मी तुला आत्ता ढकललं," तो म्हणाला. "ते पण ऐका सगळे. हात निसटला नाही. ढकललं."

 गेनबा कोपऱ्यातून आला, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "झालं बोलून? आदी कुनीतरी टेंपोचा दोर आना आन् हितं आडवा बांदा. मग घमेली उचला."

भूषणनेच दोर आणला. त्यानेच बांधला. मग दोघं त्याच पायऱ्यांवर पहाटे साडेतीनपर्यंत घमेली देत-घेत उभे राहिले. सोमवारी दोघं चौकीत गेले, कोणाचं काय झालं ती गोष्ट वेगळी. भूषणचा राग गेला का? नाही. दादावर तर तो अजून रागावलेला आहे.

पण त्या पहाटे सगळे नळावर हातपाय धुवायला गेले. सगळ्यांचं सिमेंट निघालं. वरदच्या उजव्या मनगटाचं निघेना. साबण लावला, वीट घासली. कातडी लाल झाली, ते तसंच.

गेनबाने त्याचा हात दिव्याखाली ओढला. चार बोटं आणि अंगठा, मनगटाला वेढा घालून. त्याने नखाने टोकरलं. मग थापीची कड हळूच मारली. टण् वाजलं.

"कवा लागलं ह्ये?"

"रात्री," वरद म्हणाला. "दिवे गेले तेव्हा."

गेनबा वर गेला. नव्या स्लॅबच्या कडेला अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तो खाली आला, पुन्हा ते मनगट हातात घेतलं, भूषणकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"रातचा माल अजून वला हाय. ह्यो रातचा न्हाय, पोरा. ह्यो पिकलाय. ह्याला महिना-सव्वा महिना कुनीतरी पानी मारलेलं हाय."