शुभेच्छुकांनी झाकलेला धक्का

कल्पना करा, तुम्ही दप्तर पाठीला लावून धक्क्यावर उभे आहात. समोरून बिनचालकाची बोट येते आणि जराही वेग कमी न करता तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाते. तुम्ही काय कराल?

भाटी बेटावरच्या केतकी तांडेलने बोलक्या खांबाची (बोटीशी बोलायच्या यंत्राची) कळ दाबली. "ए, थांबली का नाहीस?"

"मार्ग ठरवणं माझ्या हातात नाही," बोट म्हणाली. "आता मी गावांची वेबपानं वाचते आणि थांबा सापडला किंवा आतल्या कुणाला उतरायचं असलं, तरच थांबते. आठवडाभर सापडला नाही, तर भाटी मार्गातून कायमची गळेल."

म्हणजे शाळेसाठी केतकीने मामाकडे शहरात राहायचं. "मी नाही जायची," ती म्हणाली. "आमचं पान तर केवढं मोठं आहे."

"उघडून बघ."

तिने फोनवर पान उघडलं. सरपंच असलेल्या धर्माकाकांनी ते चौकातल्या फ्लेक्सवरूनच करून घेतलं होतं. मधोमध काळा चष्मा घातलेले काका, खाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि भलंमोठं 'हार्दिक स्वागत'. बोटीच्या वेळा होत्या; चित्राच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी मिशीखाली.

"माझा संगणक लहान. मी फक्त मजकूर (टाइप केलेले शब्द) वाचते," बोट म्हणाली. "चित्रातली अक्षरं मला नक्षीसारखी. ज्यांना दिसत नाही, ती माणसंही यंत्राकडून पान वाचून घेतात. त्यांनाही नुसतं 'चित्र, चित्र, चित्र' एवढंच ऐकू येतं."

"मग पानावर ठेवायचं तरी काय?"

"येणाऱ्याला आधी काय हवं असतं?"

केतकीने डोकं खाजवलं. "आपण कुठे आलो, ते कळायला हवं."

"त्याला शीर्षक (पानाचं नाव) म्हणतात."

तिने लिहिलं, 'भाटी बेट : बोटीचा थांबा'. खाली वेळा, साध्या शब्दांत. मग शाळा, दवाखाना आणि बाजार यांचे दुवे (दाबताच दुसऱ्या पानावर नेणारे शब्द) एका ओळीत मांडले. ती झाली दिशापट्टी. धक्क्याचं एकच चित्र ठेवलं आणि त्यात काय दिसतं ते सांगणारं वाक्य सोबत जोडलं. तळाशी संपर्काचा नंबर.

"आणि मला नाचणारे मासे टाकायचेत, त्यांचं काय?"

"ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर?"

"कसल्याच नाही. मला आवडतात."

"मग सगळ्यात खाली नाचू देत. वाट अडवायला नकोत."

तेवढ्यात काका आले आणि तिच्या फोनमध्ये डोकावले. "केतके, माझा फोटो कुठे गेला?"

"काढला."

"सरपंचाचा फोटो? शुभेच्छुक काय म्हणतील? आधी परत लाव."

"काका, शुभेच्छुकांना बोटीची वेळ पाठ आहे. पान असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी."

"फार शहाणी झालीस. बोट काय, माझ्या एका इशाऱ्यावर थांबेल."

"थांबवून दाखवा. थांबली, तर फोटो परत लावते आणि मामाकडे जायला निघते."

परतीच्या फेरीला काका चष्मा लावून, दोन्ही हात हलवत उभे राहिले. बोट सरळ पुढे गेली. काकांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "खाली, माशांच्या शेजारी तरी ठेव मला," ते पुटपुटले.

"बारीक करून ठेवते," म्हणत केतकीने नवं पान सगळ्यांसाठी खुलं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीचा वेग मंदावला आणि ती धक्क्याला लागली. केतकी आत शिरली, खिडकीजवळची जागा पकडली आणि पलीकडच्या बेटाचं पान उघडलं. तिथेही हार घातलेले चेहरे ओळीने हसत होते. तिने संपर्काचा नंबर शोधला. तो सापडेना. मग ती बोटीला म्हणाली, "त्या बेटावर मला उतरव. शाळेला अजून वेळ आहे."