तिसरी पिन

वार मला आठवत नाही. मंगळवार असेल, बुधवारही असेल. या वयात मी माझ्या स्मरणशक्तीवर पैज लावत नाही. तारीख मात्र पक्की. सतरा जानेवारी, रात्रीचे सव्वानऊ. ज्याच्यावर हे गुदरलं त्याने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यात एका मिनिटाचा फरक पडला नाही. खिडकी लावून घे रे, आणि बसा जवळ.

त्याला सगळे टेस्टर म्हणत. वायरमन होता. लोक खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावायचा. लग्नाच्या फोटोतही तो खिशातून डोकावतोय, असं त्याची बायकोच सांगायची.

त्या रात्री तो निघाला होता मास्तरांच्या घरी. मास्तर त्याचे जुने स्नेही, त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. वहिनींचा फोन आला होता. टीव्हीला हात लावला की मुंग्या येतात. उद्या लेक येतेय. तिचं पोर रांगतंय, दिसेल ते धरतंय. आजच बघून जा.

काम किरकोळ. पण टेस्टरचे पाय जड झाले होते. खाई त्याला खवखवे.

झालं होतं असं. मास्तरांना गाण्याचं वेड. नवा टीव्ही आला, त्याला सेट-टॉप बॉक्स जोडला, बॉक्सपासून जुन्या अॅम्प्लिफायरला वायर नेली, आणि स्पीकरमधून अखंड घूं घूं सुरू झाली. मास्तर वैतागले. टेस्टर आला, त्याने अॅम्प्लिफायरचा प्लग उघडला, आतली हिरवी तार पक्कडीने कापली, पिना घासूनपुसून प्लग पुन्हा बसवला. घूं घूं बंद. हिरवी तार म्हणजे अर्थिंग, प्लगाच्या तिसऱ्या, जाड पिनेला जाणारी. यंत्राच्या अंगावर वीज उतरलीच, तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ती असते. हे टेस्टरला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गुणगुण घालवायला बरेच जण असं करतात, आणि काही होत नाही.

पाच महिन्यांनी मास्तर सकाळी खुर्चीतच सापडले. उजवा हात अॅम्प्लिफायरवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. पुढे कुणी विचारलं नाही. टेस्टर मात्र रोज विचारत होता, स्वतःला.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चहा टाकते. आधी हात लावून बघा, नाहीतर म्हणाल, म्हातारीला भास होतात."

टेस्टरने हात लावला. उलटा. तळहाताने कधी लावायचा नाही; झटका बसला की मूठ आवळते आणि माणूस सुटत नाही. मागच्या बाजूने लावला की हात आपोआप दूर होतो. मनगटापाशी मुंग्या आल्या. मग खिशातला टेस्टर टेकवला; वीज असली की लागतो तो दिवा मिणमिणला.

मग एकेक करून बघायला लागला. नुसता टीव्ही लावला. थोड्या मुंग्या. नुसता बॉक्स. थोड्या. तिन्ही जोडले की वाढायच्या. प्रत्येकाची जराजरा गळती, वायरींमधून सगळ्यांच्या अंगावर पसरलेली, आणि जमिनीत जायला वाट नाही. ती वाट त्यानेच कापली होती.

"यांनाही यायच्या हो मुंग्या," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

टेस्टरचा हात थांबला.

"मला म्हणायचे, जरा गुदगुल्या होतात एवढंच. टेस्टरला कळू देऊ नकोस. तो येऊन तार जोडेल आणि परत त्या भुंग्यासोबत गाणी ऐकावी लागतील." त्या हसल्या. "लहान मुलासारखं वागायचे कधीकधी."

सांगावं, असं त्याला वाटलं. वहिनी, ती तार मी कापायला नको होती.  पण तो पक्कड शोधत राहिला. वहिनी चहा बघायला आत गेल्या.

त्याने तिन्ही प्लग बोर्डातून उपटले. समोर फरशीवर ओळीने ठेवले. अॅम्प्लिफायरचा प्लग उघडला. हिरव्या तारेचं टोक सोलायला घेतलं. कोपर अॅम्प्लिफायरला टेकलं.

मुंग्या.

त्याने प्लगांकडे पाहिलं. एक, दोन, तीन. तिन्ही फरशीवर.

काही वेळा वीज साठून राहते आत. राहते ना? त्याने मनात पन्नास आकडे मोजले. टेस्टर टेकवला.

दिवा लागला.

मग केबल काढली. बॉक्सची वायर काढली. स्पीकरच्या तारा काढल्या. आता तो नुसता पत्र्याचा डबा होता. कशालाच जोडलेला नाही.

दिवा लागलेलाच...

वाढत होता.

त्याने हात लावला. उलटाच. मागे घ्यायला म्हणूनच तसा लावतात. हात मागे येईना. मुंग्या सगळीकडे नव्हत्या. एका जागी होत्या. मनगटाच्या वर चार... खाली एक. बोटं असतात तशा.

गार.

"मास्तर..." तो म्हणाला.

काही नाही.

"मीच कापली. मला वाटलं... तुम्हाला त्रास होतोय त्या घूं घूंचा..."

पकड सुटली नाही. आवळलीही नाही. नुसती होती. मारायला धरावं तशीही नव्हती, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. कुणीतरी काहीतरी विचारतंय, आणि उत्तर येईपर्यंत सोडणार नाही, अशी.



डाव्या हाताने, दातांची मदत घेऊन, त्याने हिरवी तार जोडली. स्क्रू आवळला. प्लग बोर्डात घातला.

हात सुटला.

टेस्टर टेकवला. अंधार. पुन्हा टेकवला. अंधार. सगळ्या वायरी लावल्या, टीव्ही लावला, बॉक्स लावला. मुंग्या नाहीत. घूं घूं सुद्धा नाही.

"कोणाशी बोलत होतात?" वहिनी कप घेऊन आल्या.

"कोणाशी नाही. सवय आहे."

"काय झालं होतं याला?"

त्याने कप हातात घेतला. "पिन सैल होती," म्हणाला. "बाळाला खुशाल खेळू द्या."

पुढे टेस्टर माझ्याकडे येऊ लागला. मी कॉलेजात पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेलं, म्हणून. एकच प्रश्न घेऊन यायचा. "सर, एवढ्याशा गळतीने माणूस मरतो का?" मी म्हणायचो, "सहसा नाही." तो "सहसा" हा शब्द घेऊन घरी जायचा. शास्त्राला धरून तेच बरोबर होतं. पण समोरच्या माणसाला नुसतं "नाही" म्हणायला मला जमलं नाही. तसाच तो गेला, त्यालाही आता सहा वर्षं होतील.

गेल्या वर्षी वहिनींच्या लेकीने ते घर नव्याने वायरिंगला काढलं. मी मुद्दाम गेलो. वायरमनला म्हटलं, टीव्हीमागचा तो बोर्ड माझ्यासमोर उघड. आम्ही दोघांनीही, टेस्टरने आणि मी, एक गोष्ट गृहीत धरली होती. बोर्डाला तीन भोकं आहेत, म्हणजे मागे तीन तारा असणारच.

दोन होत्या.

मी चष्मा पुसून पाहिलं. त्याला सगळं घर तपासायला लावलं. कुठल्याच बोर्डाला अर्थिंग नव्हतं. बांधणाऱ्याने घातलंच नव्हतं. टेस्टरने प्लगातली हिरवी तार कापली काय आणि ठेवली काय, मास्तरांना काही फरक पडणार नव्हता. गुणगुण थांबली असेल ती पिना घासल्यामुळे. त्याचा काही दोष नव्हता, आणि हे त्याला सांगायला आता तो नव्हता.

आणि त्या रात्री तार जोडल्याबरोबर हात सुटला. दिवा विझला, तो पुन्हा लागला नाही. जमिनीत जायला वाटच नसताना.

त्या तिसऱ्या भोकात मी काडी घालून पाहिली. मागे सलग गिलावा होता.