सांधा शाबूत, सळई तुटली

वेल्डिंगचा सांधा अगदी शाबूत होता. तुटली होती ती त्याच्या शेजारची सळई. मधलं अंतर जेमतेम सुपारीएवढं.

"जोडलेलं टिकलं आणि अख्खं होतं ते मोडलं. असं कसं, टाकोबा?" रेवतीने विचारलं.

टाकोबा हा गावच्या दुरुस्ती केंद्रातला यंत्रमानव. लोखंडाला टाके घालतो म्हणून मुलांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. कालच त्याने रेवतीच्या अवंतीआत्यासाठी एक पोलादी चौकट बनवली होती. अपघातानंतर आत्याच्या पायांत जोर उरला नव्हता. ही चौकट कमरेला बांधली की तिला उभं राहता येणार होतं. आणि आत्या तर कीर्तनकार. देवापुढे कीर्तनाला उभं राहायचं, असं तिच्या गुरूंनी शिकवलेलं. आज संध्याकाळी, वर्षभरानंतर, राममंदिरात तिचं कीर्तन होतं. सकाळी सराव करताना कट्‌कन आवाज झाला. बाबांनी धरलं म्हणून ती वाचली.

"चौकट गरम असताना तिच्यावर काही पडलं होतं का?" टाकोबाने विचारलं.

रेवतीने मान खाली घातली. नवी वस्तू वापरण्याआधी तिच्यावर तांब्याभर पाणी सोडायचं, ही त्यांच्या घरची रीत. "मी पाणी सोडलं. इथेच. चर्र झालं होतं."

"मीच सांगितलं होतं तिला," चाकांच्या खुर्चीतून आत्या म्हणाली. "तिला रागावू नकोस."

"रागवायचं यंत्र माझ्यात बसवलेलंच नाही," टाकोबा म्हणाला. "रेवती, आत्याच्या पिशवीतून गोधडीच्या दोन सुया दे."

त्याने दोन्ही सुया चिमट्यात धरून लालबुंद तापवल्या. एक पाण्यात बुडवली, दुसरी गरम राखेत पुरली. राखेतली सुई निवेपर्यंत आत्या अभंग गुणगुणत बसली. मग टाकोबाने पाण्यातली सुई वाकवायला घेतली. कट्. दोन तुकडे. राखेतली मात्र तारेसारखी वाकली.

"सुई तीच, आच तीच," रेवती पुटपुटली. "फरक फक्त थंड होण्यात."

"बरोबर. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन (कोळशात असतो ते मूलद्रव्य). अवंतीताई, कीर्तन संपल्यावर मंडप कसा रिकामा होतो?"

"आरती, प्रसाद, मग ज्याची त्याची चप्पल शोधत. सावकाश."

"आणि गर्दी हलत असताना दिवे एकदम गेले तर?"

"मग काय, जो जिथे तो तिथेच. कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत." आत्याला हसू आलं.

"कार्बनचंही तसंच. लालबुंद पोलादात त्याचे कण फिरत असतात. सावकाश निवलं, तर ते आपापली जागा गाठतात. एकदम थंड झालं, तर अडकतात आणि लोखंडाच्या कणांच्या रांगा ताणून धरतात. त्यातून मार्टेन्साइट (अतिशय कडक पण ठिसूळ रचना) तयार होतं."

"पण ते सांध्यात का नाही झालं?"

"सांधा भरायला मी वेगळी, कमी कार्बनची तार वापरली होती. शेजारची सळई मात्र जास्त कार्बनची. ती वितळली नाही, पण आचेने आतून बदलली. त्या भागाला उष्णताबाधित पट्टा म्हणतात. नेमकी तिथेच तुटली. आणि पाणी पडलं नसतं, तरी धोका होताच. मी लेसरने (एकवटलेल्या प्रखर प्रकाशाने) जोडलं होतं. झटपट आणि सुबक. पण एवढ्याशा जागेची आच भोवतीचं थंड लोखंडच झटकन शोषून घेतं. घाई माझीही झाली."

रेवतीने मान वर केली.

टाकोबाने ठिसूळ भाग कापून नवा तुकडा घेतला. आधी दोन्ही टोकं तापवली. याला पूर्वतापन म्हणतात (भोवतीचं लोखंड गरम असलं, की सांधा हळू निवतो). मग लेसर बाजूला ठेवून त्याने विजेच्या ठिणग्यांच्या जुन्या पद्धतीने, संथपणे टाके घातले आणि चौकट गरम राखेत पुरली.

"कधी काढायची?" रेवतीने विचारलं.

"हाताला गार लागेल तेव्हा. रात्रीचे आठ तरी वाजतील."

कीर्तन सहाला होतं. आत्याने खुर्ची राखेच्या ढिगाकडे वळवली. "पूर्वरंग बसून करते," ती म्हणाली. "देव समजून घेईल. लोखंडाला वेळ द्यायचा आणि स्वतःला नाही, हे कुठलं शहाणपण?"

पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, आत्याने खुर्चीत बसून निरूपण केलं. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. मग टाळ लागले आणि तो मोकळा झाला. मध्यंतरात बुक्का लावला जात असताना टाकोबा चौकट घेऊन आला. रेवतीने आधी सांध्याशेजारी तळहात टेकवला. गार होतं. मगच तिने तांब्यातलं पाणी सोडलं. चर्र झालं नाही.

आत्याने चौकट बांधली. टाकोबा आणि बाबा दोन्ही बाजूंना हात पसरून उभे राहिले. ती उठली, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकला, पुन्हा टाकला. सळईने हूं की चूं केलं नाही. उत्तररंग तिने उभ्याने केला.

घरी जाताना रेवती चंद्राकडे बघत होती. तिथे माणसांची पहिली वसाहत उभी राहत होती.

"टाकोबा, तिथे हवा नाही. मग लोखंड निवतं कसं?"

"बघितलेलं नाही मी."

"मी बघून येईन," रेवती म्हणाली, "आणि तुला सांगेन."