ताईच्या कमरेचं कोडं

चारुताला कोडं सुटत नव्हतं. शाल्मलीताई वर्षभर रोज पहाटे टेकडी चढत होती. गाल बसले, हातातल्या बांगड्या सैल झाल्या, पण कमरेवरची वळी काही जागची हलेना. लग्न आठवड्यावर आलं तरी ताई सारखी ओढणी कमरेवर ओढून घ्यायची. शालूवरचा ब्लाउज मात्र तिने आधीच बारीक मापाचा शिवून घेतला होता. आता परवा कमरेच्या चरबीचं लायपोसक्शन आणि त्यानंतर चौथ्या दिवशी हळद, असा तिचा बेत होता.

"हळदीला सगळे बघतील गं," म्हणत ती ब्लाउज हातात धरून रडू लागली. चारुताला गलबलून आलं. तिने ताईला तशीच आजोबांच्या प्रयोगशाळेत नेली. आजोबा पेशीशास्त्रज्ञ होते.

त्यांनी यंत्रमानव बंडूला खूण केली. हवेत प्रकाशाचं चित्र उमटलं, पिवळसर गोल पेशींचं.

"या मेदपेशी (चरबी साठवणाऱ्या पेशी). वजन घटलं की त्या आक्रसतात, पण नाहीशा होत नाहीत. कुठली जागा आधी रिकामी होणार, हे बरंचसं आनुवंशिकतेने (घराण्यातून आलेल्या गुणांनी) ठरतं. तू कमरेच्या बाबतीत आजीवर गेलीस," आजोबा ताईला म्हणाले.

"मग लायपोसक्शनने काय होतं?" चारुताने विचारलं.

"बारीक छेद देऊन पोकळ नळी आत घालतात आणि त्या पेशीच ओढून काढतात. त्या सहसा परत येत नाहीत, म्हणून अशा हट्टी जागेला हा उपाय आहे. पण वजन वाढलं तर उरलेल्या पेशी फुगतात, मग त्या दंडावर असोत की पाठीवर. शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, तिचे धोकेही आहेत. बंडू, चौथा दिवस दाखव."

चित्रातली कमर सुजलेली, काळीनिळी, घट्ट पट्ट्यात आवळलेली होती. ताईचा चेहरा उतरला.

"सूज पुरती उतरायला आठवडे लागतात, कधी महिने. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगितलीस?"

ताईने मान खाली घातली. "नाही. ते नको म्हणाले असते."

आजोबांनी बंडूला चित्र मालवायला सांगितलं.

"तुझ्या आजीला विषमज्वर झाला, तेव्हा अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता. चरबीच्या या साठ्यावरच तिने तग धरला. म्हणून तूही तो जप, असं नाही म्हणत मी. शरीर तुझं, निर्णयही तुझाच. फक्त तो घाबरून घेऊ नकोस, पोरी."

"आजोबा, काढलेली चरबी टाकून देतात?" चारुताने हळूच विचारलं.

"बहुतेक वेळा. पण तिच्यात मूळपेशी (दुसऱ्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी) असतात. भाजलेल्या माणसाची त्वचा त्यांच्या मदतीने भरून येईल का, तेच तर मी शोधतोय."

"मोठी झाले की मला घ्याल त्या कामात?"

"तुझीच वाट बघतोय."

ताईने डोळे पुसले. "बंडू, परवाची वेळ रद्द कर. पुढे वाटलं तर डॉक्टरांना सगळं खरं सांगून ठरवीन." मग तिने ब्लाउज चारुतापुढे धरला. "शिवणीत आत जास्तीचं कापड सोडलंय. उसवशील?"

चारुताने एकेक टाका जपून उसवला.

हळदीच्या दिवशी हसता हसता ताईचा पदर कमरेवरून सरकला. चारुता तो सावरायला पुढे झाली. पण ताईने तो ओढून घेतला नाही.