मिठबावच्या शाळेचा खांब

शाळा सुटल्यावर जानकी सहज नवी इमारत बघायला वळली आणि जागीच थबकली. व्हरांड्यातला नवाकोरा खांब एक तरुण घण मारून फोडत होता.

"अहो, थांबा. कुणाला विचारून तोडताय?"

तो वळला. भुवयांवर सिमेंटची धूळ, डोळे मात्र हसरे. "आमकाच इचारून, बाई. आमचोच खांब."

तो काशिनाथ. शाळा बांधणाऱ्या 'दाजी मेस्त्री आणि मुलगे' या कंपनीतल्या दाजींचा नातू. त्या शहाऐंशी सालच्या एप्रिलात मिठबावची चौथी अजून देवळाच्या सभामंडपात भरत होती, आणि जानकी तिची बाई होती.

"जूनमध्ये मुलांना इथे बसवायचं कबूल केलंय तुम्ही," ती तापून म्हणाली. "इंजिनियर साहेबांनी खांब पास केलाय ना?"

"साहेबांनी केलो. दाजींनी नाय."

पलीकडे एका चिऱ्यावर ऐंशीच्या घरातले दाजी बसले होते. त्यांनी वाळूची चिमूट जिभेवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले, आणि थुंकले. "खारट," ते एवढंच म्हणाले.

नदीची म्हणून आलेली एक खेप समुद्राची निघाली होती. मीठ आतल्या आत लोखंड खातं, काशिनाथने तिला समजावलं. दहा वर्षं कुणाला काही दिसत नाही.

"आणि मग?"

"मगे खांब पडता. तेच्याखाली तवा कोणाचा तरी पोर आसता."

जानकीचा राग कुठल्या कुठे गेला. दाजींचे मुलगे, नातू, सगळे मुकाट्याने स्वतःचंच काम पाडत होते. पुन्हा तपासायला कुणी येणार नव्हतं. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली…

मग ती रोज येऊ लागली. काम किती झालं ते बघायला — निदान ती तसं सांगायची. चहाच्या सुट्टीत काशिनाथ बोलत बसे. दाजी पूर्वी खाणीत चिरे काढत. आजी, काशीबाई, ते डोक्यावरून वाहून आणी. दोघांनी मिळून पहिली विहीर बांधली. एका वर्षी ओढ्यावरचा साकव, म्हणजे गावाचा छोटा पूल, पुरात खचला, तेव्हा दाजींनी स्वतःच्या घराचं शाकारणं तसंच ठेवून आधी साकव उभा केला. आजीने तो पावसाळा गळक्या छपराखाली काढला, पण चकार शब्द काढला नाही.

"तिका म्हायत होता, साकव नाय तर लोक खंयसून जातले," काशिनाथ म्हणाला.

एके दिवशी जानकीने तळहात पुढे केला. "मलाही शिकवा. चव."

त्याने चिमूटभर वाळू ठेवली. तिने जिभेला लावली. तो इतका टक लावून बघत होता की तिला चव कळेचना.

"गोड आहे," ती कशीबशी म्हणाली.

"वाळू गोडी… की आणखी काय?"

"वाळूच," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चौथी नव्या वर्गात बसली. मुलं घरी गेल्यावर काशिनाथ दारात आला. आज कपडे इस्त्रीचे, चेहरा मात्र पडलेला.

"सोमवारी वैभववाडीक जातंय. पुलाचा काम आसा थंय. दोन वर्सां तरी लागतली."

जानकीच्या हातातला खडू तसाच राहिला. बाहेर तो नवा खांब उभा होता, बाकीच्यांसारखाच. कुणाला त्याची गोष्ट कधी कळणारही नव्हती. या माणसांचं हेच तिला थक्क करत आलं होतं.

"तुमचा पूल किती वर्षं टिकतो?"

"शंभर. दाजी म्हणतत, कमी नाय."

"आणि बोलायला तुम्ही किती वर्षं घेणार?"

तो गडबडला. "दाजींका बोललंय मी… ते म्हणाले, माका काय सांगतस? आधी तिका इचार."

"मग विचारा."

 त्याने खाली बघितलं, मग सरळ तिच्याकडे.

"आमच्या घरात बायकांकाव गळक्या छपराखाली ऱ्हवाचा लागता कधी कधी. तरी… येशात?"

शाळेत कायम शुद्ध बोलणाऱ्या जानकीने खडू फळ्याखाली ठेवला, हात पदराला पुसले.

"येतलंय," ती त्याच्याच बोलीत म्हणाली.