होंडुरासच्या रानाची रेघ

होंडुरासचं झुडपी रान एकाच वर्षात एवढं पेटलं कसं? कोडं होतं खरं, पण शलाकाला कोडं दिसलंच नाही. तिला थेट गुन्हेगार दिसला.

पोलादपूरच्या तिच्या शाळेत भिंतभर पसरलेला ‘पृथ्वीफळा’ होता. जगभरची मुलं त्यावर प्रकल्प मांडत आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला त्याच्या भाषेत दिसे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये झुडपं जळून दरवर्षी किती मिथेन (डोळ्यांना न दिसणारा, उष्णता धरून ठेवणारा वायू) हवेत जातो, याचा आलेख शलाकाने काढला होता. वर्षानुवर्षं रेघ तळाशी रांगत होती आणि मग एका वर्षी जी उसळली, ती वरच राहिली. शलाकाने खाली ठसक्यात लिहिलं, ‘होंडुरासकरांनो, रानं पेटवताना लाज नाही वाटली?’ सगळा वर्ग हसला. इतर देशांतली मुलंही हसली. शलाकाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नोएमी मात्र हसली नाही. ती शलाकाची होंडुरासमधली प्रकल्पातली जोडीदार, वर्षभराची मैत्रीण. तिने एवढंच लिहिलं, ‘माझे बाबा त्याच रानात आग विझवायला जातात.’ आणि जोडीतून आपलं नाव काढून घेतलं.

“आकडे काय माझे आहेत?” घरी आल्यावर शलाका फणकारली. “उपग्रहाचे आहेत!”

उपग्रह केंद्रात शास्त्रज्ञ असलेली तिची सुमित्राआत्या सुट्टीवर आली होती आणि पोळ्यांसाठी पीठ चाळत बसली होती. “असं? मग मिथेन मोजायला रानात बाटली घेऊन कोण जातं गं?”

“कोणीतरी जात असेल की.”

“कोणी जात नाही. उपग्रह जळालेली जमीन बघतो, बस्स. झुडूप धडधडून जळलं, भरपूर ऑक्सिजन मिळाला, तर मिथेन फार थोडा होतो. ओलसर फांद्या धुमसत राहिल्या की अपूर्ण ज्वलन होतं, म्हणजे अर्धवट जळणं, आणि मिथेन जास्त सुटतो. किलोभर झुडपामागे साधारण किती, ते प्रयोग करून ठाऊक आहे. जमीन किती, तिच्यावर झुडपं किती, हे गुणलं की झाला तुझा आकडा. आता इकडे बघ.”

आत्याने जाड चाळणीतून चाळलेलं पीठ मैद्याच्या बारीक चाळणीत ओतलं. मघाशी चिमूटभर कोंडा निघाला होता, आता चांगला मूठभर निघाला.

“गिरणीवाल्याने फसवलं का आपल्याला?” आत्याने विचारलं.

“छे! पीठ तेच आहे. चाळणी...” शलाका मध्येच थांबली. तिचे कान तापले.

“जुन्या उपग्रहाच्या चित्रातली एकेक चौकट अख्ख्या गावाएवढी होती,” आत्या म्हणाली. “ तिच्यातली बारीकसारीक आग त्याला दिसायचीच नाही. तुझी रेघ उसळली त्या वर्षी नवा उपग्रह आला. त्याची चौकट आपल्या अंगणाएवढी. आग वाढली नाही, दिसायला लागली. पुढे काही वर्षं दोघेही फिरत होते. त्या वर्षांचे दोघांचे आकडे शेजारी ठेव. जुना किती पट कमी बघतो ते कळेल. तेवढ्या पटीने मागच्या वर्षांचे आकडे वाढव.”

शलाकाने गुणाकार केले आणि रेघ पुन्हा काढली. उसळी नाहीशी झाली होतीच, पण रेघ सपाटही नव्हती. ती वर्षागणिक हळूहळू उतरत होती. नोएमीच्या बाबांसारखी माणसं आग आटोक्यात आणत होती आणि हिने त्यांचीच लाज काढली होती! शलाकाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“आपला तालुका दाखव ना,” ती पडेल आवाजात म्हणाली. जुन्या उपग्रहाला तो कोरा दिसत होता. नव्याच्या नकाशावर मात्र लाल ठिपके होते. भातरोपांसाठी शेतात पालापाचोळा भाजतात, त्या राबाचे. एक ठिपका तिच्या बाबांच्या शेतातला होता. फांद्या तिनेच हौसेने गोळा केल्या होत्या.

तिने पृथ्वीफळ्यावर लिहायला घेतलं, ‘आकडेच तसे असल्यामुळे...’

आत्या डोकावली. “ही माफी आहे की वकिली?”

शलाकाने ते पुसलं आणि नवी रेघ, आपल्या तालुक्याचे ठिपके आणि दोनच वाक्यं ठेवली. ‘नोएमी, चूक माझी आहे. तुझे बाबा आग विझवत होते आणि मी न तपासता हसले.’

दुसऱ्या दिवशी नोएमीचं उत्तर आलं. ‘बाबांना नवी रेघ दाखवली. ते म्हणाले, मिथेन साधारण बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, म्हणजे आपल्या श्रमाचं फळ मुली बघतील. मला आनंद झाला. पण शलाका, त्या दिवशी हसलेली मुलं तुझी माफी वाचायला परत येतील का?’

शलाकाने फळ्याकडे पाहिलं. जुन्या ओळीखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग संपता संपत नव्हती. माफीखाली नोएमीशिवाय कोणीच नव्हतं.

तिने त्या रांगेतलं पहिलं नाव शोधलं. केनियातला कोणी किपतू होता. तिने त्याला लिहिलं.

‘किपतू, तू माझ्या एका ओळीवर हसला होतास. ती ओळ खोटी होती. तुला पाच मिनिटं वेळ आहे?’